अडाणी कानांची थोरवी

क्रिकेटच्या मैदानावर ज्याचा शब्द कुणी मोडायचा नसतो, तो अंपायर एका चुकीच्या पोटी जन्मलेला आहे. जुन्या फ्रेंचमध्ये मूळ शब्द 'नॉनपेर' असा होता. पेर म्हणजे जोडीचा, बरोबरीचा. नॉनपेर म्हणजे ज्याला जोड नाही असा. दोघांचे भांडण लागले की कुणाच्याच बाजूचा नसलेला तिसरा माणूस बोलवायचा, तो नॉनपेर. आपण अशा माणसाला पंच म्हणतो, आणि पाच हा आकडाही विषमच. इंग्लंडात हा शब्द 'नंपायर'च्या वळणावर गेला. इंग्रजीत नामाच्या आधी 'अ' किंवा 'अ‍ॅन' लागते. बोलणारा 'अ नंपायर' म्हणाला, ऐकणाऱ्याने 'अ‍ॅन अंपायर' ऐकले. त्या ऐकणाऱ्याचे नाव कुठल्याही ग्रंथात नाही. त्याला लिहिता-वाचता येत नसावे; एक शब्द कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, हे त्याने कधी कागदावर पाहिलेले नसावे. त्याने आपल्या कानावर भिस्त ठेवली, आणि आज वानखेडेपासून मेलबर्नपर्यंत सगळे त्याचाच शब्द वापरतात.

या माणसाची, आणि त्याच्यासारख्या असंख्य अडाण्यांची, मनापासून स्तुती करावी एवढ्यासाठी हा लेख आहे. भाषेचे मोठेपण सांगताना आपण कवींची नावे घेतो, कोशकारांची घेतो, व्याकरणकारांची तर घेतोच. ज्याने नीट ऐकले नाही, ज्याने अर्धे ऐकून उरलेले आपल्या अकलेने भरून काढले, त्याच्या नावाने कुणी साधी पणतीही लावत नाही. वास्तविक रोजच्या वापरातली इंग्रजी मोठ्या प्रमाणात त्यानेच घडवली.

अंपायरची भावंडे बरीच आहेत. स्वयंपाकघरातला एप्रन हा मुळात 'नॅप्रन', नॅपकिनचा सख्खा भाऊ. त्याचाही न असाच सुटला. अ‍ॅडर नावाचा विषारी साप मुळात 'नॅडर'. उलट प्रकारही घडला. टोपणनावाला इंग्रजीत 'एकनेम' म्हणत, म्हणजे वरचे, जोडीचे नाव. तिथे 'अ‍ॅन'मधला न पुढच्या शब्दाला चिकटला आणि 'निकनेम' तयार झाले. आपल्या नारिंगाचीही हीच कथा. संस्कृतातले नारंग फारसीत गेले, अरबीत गेले, स्पेनपर्यंत त्याचा न शाबूत होता. इटली आणि फ्रान्स ओलांडताना तो आधीच्या उपपदात विरून गेला, आणि इंग्रजांच्या हाती आले ते 'ऑरेंज'. मराठीने मात्र तो न अजून सांभाळला आहे.

वाटाण्याचे याहून सुंदर आहे. इंग्रजीत एका वाटाण्यालाही 'पीझ' म्हणत, आणि ढीगभर वाटाण्यांनाही पीझच. कुणाला तरी शेवटचा झ ऐकून वाटले की हे अनेकवचन असणार. मग एक दाणा म्हणजे 'पी'. तर्क अगदी बिनचूक होता, फक्त माहिती चुकीची होती. 'चेरी'ही तशीच 'चेरीझ'मधून निघाली. व्याकरणाचे पुस्तक न पाहिलेल्या माणसाच्या डोक्यात व्याकरण किती पक्के असते, याचा याहून चांगला पुरावा मला तरी ठाऊक नाही.

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणे सांगितली, आणि तेवढ्यावर न थांबता त्याच दशकाच्या अखेरीस पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहिला. हा भेद किती नेमका आहे ते इंग्रजी शब्दांचा इतिहास वाचताना कळते. युरोपात १५११ साली इरॅस्मसचे मूर्खतेच्या स्तुतीचे पुस्तक छापून आले. त्यात मूर्खता स्वतःच उभी राहून आपली थोरवी गाते, आणि तिच्या बोलण्याची सगळ्यांत तिखट धार पंडितांसाठी आणि धर्मशास्त्र्यांसाठी राखलेली आहे. लंडनमध्ये थॉमस मोर यांच्या घरी राहून इरॅस्मसने ते लिहिले. त्याच शतकात त्याच इंग्लंडातले पंडित शब्दांच्या शुद्धीला हात घालत होते. एकीकडे अडाण्यांनी शब्द मोडून वापरण्याजोगे केले, दुसरीकडे विद्वानांनी चांगले चाललेले शब्द दुरुस्त करून बिघडवले. मी अडाण्यांच्या बाजूने का आहे, ते पुढच्या दोन-तीन शब्दांवरून कळेल.

कर्ज या अर्थाचा 'डेट' इंग्रजीत आला तो फ्रेंचमधून, आणि येताना त्यात बी नव्हता. ऐकू यायचे तसे लिहिले जायचे. मग विद्वानांना आठवले की लॅटिनमध्ये 'देबितुम' आहे, त्यात ब आहे, तेव्हा आपल्या शब्दाने आपले घराणे दाखवलेच पाहिजे. त्यांनी मध्ये बी बसवला. शंका या अर्थाच्या 'डाउट'चीही तीच गत केली. पावतीच्या 'रिसीट'मध्ये पी घातला; 'डिसीट' त्याच घराण्यातला असून त्याच्यात घालायचा मात्र राहून गेला. हा खटाटोप चालू असतानाच शेक्सपिअरला त्यातला फोलपणा दिसला होता. १५९८ मध्ये छापलेल्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट' या नाटकात होलोफर्नीस नावाचा शाळामास्तर आहे. डेट आणि डाउट म्हणताना लोक बी गाळतात म्हणून तो संतापतो. उच्चारात बी आलाच पाहिजे असा त्याचा आग्रह. प्रेक्षक त्याला हसले असतील. पण शाळा त्याच्यासारख्यांच्याच हाती राहिल्या, आणि बी तिथेच बसून राहिला.

बेटाच्या 'आयलंड'मध्ये तर पंडितांनी घराणेही चुकीचे दिले. हा शब्द अस्सल जुना इंग्रजी, लॅटिनशी त्याचा काही संबंध नाही. पण अर्थाने जवळचा 'आइल' हा शब्द फ्रेंचकडून आला होता, तो लॅटिन 'इन्सुला'चा वंशज आणि त्यात एस होता. दिसायला सारखे म्हणजे नातेवाईकच, असे ठरवून आयलंडमध्येही एस घातला गेला. कुणीही तो कधी उच्चारला नाही. कात्रीच्या 'सिझर्स'मधला सी असाच, चुकीच्या लॅटिन क्रियापदावरून आलेला.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेत भिंतीवर अक्षरांचे तक्ते लागले, बालगीते आली, आणि थोड्या वरच्या इयत्तांत शुद्धलेखनाची पाठांतरे सुरू झाली. आय, एस, एल, ए, एन, डी, आयलंड, आयलंड म्हणजे बेट. एखादी मुलगी कानाला जसे लागते तसे लिहिते, एस गाळते. बाई लाल शाईने शब्दाभोवती गोल काढतात आणि खाली तोच शब्द दहा वेळा लिहायला सांगतात. बाईंचा दोष नाही. परीक्षेत तेच लागणार. पण ज्या स्पेलिंगभोवती तो गोल पडला, तसेच खुद्द इंग्लंडचे लोक पंडितांच्या दुरुस्तीआधी लिहीत होते. मुलीचा कान बरोबर होता. एका परक्या देशातल्या, चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या पढतमूर्खपणाची शिक्षा ती भोगते आहे, आणि तिला कुणी हे सांगतही नाही. आपण मठ्ठ आहोत असे तिला वाटू लागते, याचा मला खरोखर राग येतो.

तिने ज्या सिलॅबसप्रमाणे हे शिकायचे, तो 'सिलॅबस' स्वतः छापखान्यातली चूक आहे. सिसेरोने आपला मित्र अ‍ॅटिकस याला लिहिलेल्या पत्रांत ग्रंथांच्या गुंडाळ्यांना लावायच्या चामड्याच्या चिठ्ठ्यांचा उल्लेख येतो. त्यासाठी त्याने वापरलेला शब्द 'सित्तिबा' असा काहीसा होता. पंधराव्या शतकात ही पत्रे छापली जाऊ लागली तेव्हा तो नीट वाचला गेला नाही आणि 'सिलॅबोस' असे काहीतरी छापले गेले. पुढच्या विद्वानांना तो अस्सल ग्रीक शब्द वाटला. त्यांनी त्याला अर्थ दिला, यादी; व्युत्पत्ती दिली; आणि लॅटिन पद्धतीने 'सिलॅबाय' असे अनेकवचनही दिले. जो शब्द कुणी कधी बोलला नव्हता, त्याचे अनेकवचन चुकले तर आजही लोक एकमेकांना टोकतात. तरीही या शब्दाबद्दल मला ममता आहे. मुळात तो कुणाच्या तरी थकलेल्या डोळ्यांची चूक आहे, आणि त्या चुकीने जगभरातल्या शाळांना एक उपयोगी शब्द मिळवून दिला.

अ‍ॅडमिरलही असाच निम्मा अडाण्यांचा, निम्मा पंडितांचा. अरबीतला 'अमीर-अल' म्हणजे अमुकचा सरदार. समुद्राचा की आणखी कशाचा, ते नाम वाटेत गळून पडले आणि 'चा' तेवढा उरला. ज्यांनी ते गाळले त्यांना अरबी येत नव्हते, म्हणून त्यांनी आहे ते जोडून घेतले. लॅटिन येणाऱ्यांनी मात्र प्रशंसेच्या 'अ‍ॅडमायर'शी नाते कल्पून त्यात डी घुसवला. मुंबईत नौदलाच्या पश्चिम विभागाचा प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल असतो. त्याच्या हुद्द्यातला अमीर आपल्या मराठीला जुन्या ओळखीचा, डी मात्र उपरा.

इंग्रजीतल्या अत्यंत प्रेमळ शब्दांच्या मुळाशीही मूर्खताच आहे. वहीवर शिक्षक कौतुकाने जो 'नाइस' लिहितात, तो लॅटिन 'नेस्कियुस'पासून आला, म्हणजे ज्याला काही कळत नाही असा. सुमारे १३०० साली एखाद्याला नाइस म्हणणे म्हणजे त्याला खुळा म्हणणे. मग भित्रा, मग चोखंदळ, मग काटेकोर असे करत अठराव्या शतकापर्यंत तो छान, गोड या अर्थाला पोचला. 'फाँड' म्हणजे माया करणारा. त्याचाही आधीचा अर्थ वेडगळ. आणि ज्याला आज मूर्ख म्हणतात तो 'सिली' जुन्या इंग्रजीत भाग्यवान, देवाचा लाडका होता. तिथून निष्पाप, निष्पापवरून बिचारा, बिचाऱ्यावरून खुळा. हे अर्थ कुणी समिती नेमून बदलले नाहीत. साध्या माणसांनी भोळेपणाकडे कधी प्रेमाने पाहिले, कधी कीव केली, आणि शब्द त्यांच्या नजरेबरोबर सरकत गेला.

चुकीपुढे नम्र होणारे विद्वानही झाले, त्यांना मी पढतमूर्खांत धरत नाही. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ सालच्या कोशात घोड्याच्या पायाच्या एका भागाची व्याख्या सपशेल चुकली होती. खुराच्या वरच्या भागाला त्यांनी गुडघा म्हटले होते. एका बाईंनी कारण विचारले तेव्हा त्यांनी निव्वळ अज्ञान हे कारण सांगितले आणि विषय संपवला. एवढा मोठा कोश करणाऱ्या माणसाला हे म्हणता आले, म्हणून तो मोठा.

पण कोशाच्या इतिहासात मला सर्वांत प्रिय आहे तो 'डॉर्ड'. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे मेरियम कंपनीत वेब्स्टरच्या कोशाची दुसरी आवृत्ती तयार होत होती. ३१ जुलै १९३१ रोजी रसायनशास्त्राचे संपादक ऑस्टिन पॅटरसन यांनी एक चिठ्ठी पाठवली. मजकूर एवढाच, की मोठा डी किंवा लहान डी हे अक्षर घनतेसाठी संक्षेप म्हणून वापरतात. 'किंवा'ला इंग्रजीत ओ आणि आर ही दोनच अक्षरे. कोशातल्या मुख्य शब्दांच्या चिठ्ठ्या अक्षरांत मोकळी जागा सोडून टंकलिखित करायची तिथे पद्धत होती. त्यामुळे पुढच्या टेबलावरच्या माणसाने डी, ओ, आर, डी असा सलग शब्द वाचला. चिठ्ठी संक्षेपांच्या ढिगाऐवजी शब्दांच्या ढिगात गेली. तिथे कुणीतरी तिला उच्चार दिला, नाम असा शिक्का मारला. १९३४ साली कोश छापून आला तेव्हा 'डॉर्ड म्हणजे घनता' ही नोंद आपल्या जागी मानाने बसलेली होती.

पाच वर्षे कुणाला पत्ता लागला नाही. २८ फेब्रुवारी १९३९ रोजी एका संपादकाच्या लक्षात आले की या शब्दापुढे व्युत्पत्ती दिलेली नाही. आईबाप सांगता येईनात म्हणून चौकशी झाली आणि शब्द बडतर्फ झाला. कोशाचे पुढचे प्रमुख फिलिप गोव्ह यांनी १९५४ साली ही हकिगत लिहिली तेव्हा हळहळही व्यक्त केली: घनतेला डॉर्ड म्हणायला खरे तर काय हरकत होती? माझेही तेच म्हणणे आहे. एकदा लोकांच्या तोंडी गेला असता, तर कुणाची हिंमत नव्हती त्याला काढायची. बिचारा कागदावर जन्मला आणि कागदावरच राहिला, हेच त्याचे दुर्दैव.

लोकांच्या तोंडी जाणे म्हणजे काय, ते 'ओके'ने दाखवले. १८३९ च्या सुमारास बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीचे स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरे वापरायची टूम निघाली होती. 'सगळे बरोबर' या अर्थाच्या 'ऑल करेक्ट'चे स्पेलिंग ओ आणि के पासून सुरू होईल असे मोडायचे, आणि ते दोनच अक्षरांत लिहायचे. २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये ते छापलेले सापडते. पुढच्याच वर्षी अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा निवडणुकीला उभे राहिले. ते किंडरहूक गावचे, म्हणून 'ओल्ड किंडरहूक', म्हणून ओके. समर्थकांनी ओके क्लब काढले. व्हॅन ब्युरेन हरले, ओके जिंकला. 'बरोबर' या अर्थाचा जगातला सर्वांत चालता शब्द चुकीच्या स्पेलिंगचा आहे. आपल्याकडे तो ट्रकच्या मागच्या फळीवर हॉर्न आणि प्लीजच्या मधोमध जाऊन बसला. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने ती ओळ रंगवायला मनाई केली, तरी लोकांच्या तोंडचा ओके कोण पुसणार?

चुकीने अख्खा भूगोल कसा हलतो, ते टर्की पक्ष्यात पाहावे. पक्षी मेक्सिकोचा; सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी युरोपात आणला. इंग्रजांना आधीपासून एक आफ्रिकी कोंबडी माहीत होती, ती तुर्कांच्या मुलखातून येई म्हणून टर्की म्हणवली जाई. नवा पक्षी तसाच वाटला, नाव त्यालाच मिळाले. फ्रेंचांनी त्याला हिंदुस्थानचा ठरवून 'दँद' म्हटले, डचांनी थेट कालिकतची कोंबडी म्हटले, पोर्तुगीजांनी पेरू म्हटले. आणि खुद्द तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात. २०२२ मध्ये तुर्कस्तानने संयुक्त राष्ट्रांत आपले इंग्रजी नाव बदलून घेतले. पक्ष्याचे नाव बदलायला मात्र कुणी अर्ज केलेला नाही.

हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या शिपायांचे कान याच जातीचे होते. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश त्यांना 'हॉब्सन-जॉब्सन' असा ऐकू आला. आपल्या गावच्या दोन माणसांची नावे घेतल्यासारखा. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली निघाला, तेव्हा यूल यांनी त्या चुकीच्या ऐकण्यालाच मान देऊन ग्रंथाचे नाव ठेवले. आपले मुंगूस इंग्रजीत 'मंगूस' झाले ते मराठीतूनच गेले, पण शेवटी त्याला हंसाचा 'गूस' जोडल्यासारखे स्पेलिंग मिळाले. सापाशी झुंजणाऱ्या जनावराच्या नावात बदकाच्या जातीचा पक्षी! अनेकवचन करताना इंग्रज अजून अडखळतात. 'पॉश' या शब्दाची मुंबईच्या बोटीवाली कथाही अशीच. जाताना डावीकडची, येताना उजवीकडची सावलीतली खोली ज्यांना मिळे त्यांच्या तिकिटावर ती आद्याक्षरे असत, असे सांगतात. तसले एकही तिकीट कधी मिळाले नाही. कथा मात्र इतकी चांगली आहे की तिला मरण नाही, आणि नसावेच.

मराठी माणसाने या सगळ्याची परतफेड तोडीस तोड केली. लॉर्डचा लाट केला, पँटलूनची पाटलोण केली. रिक्रूटचा रंगरूट करताना त्यात आपला रंग घातला. गॅसलाइटचे घासलेट केले, रॉक ऑइलचे रॉकेल केले. पुढे सवंग लिखाणाला शिवी हवी होती, तेव्हा त्याच घासलेटातून 'घासलेटी' काढले. शब्दाला आपल्या घरी आणून कामाला लावायचे ते असे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि त्यानंतर कधीतरी प्लॅटफॉर्मचा फलाट झाला, स्टेशनाचे ठेसन झाले. फलाट कोशात गेला, कादंबऱ्यांत गेला. ठेसन मात्र गावाकडच्या तोंडी राहिले, आणि तालुक्याला शिकायला गेलेली मुले आजोबांना त्यावरून हसतात. फलाट म्हणताना त्याच मुलांची जीभ जराही अडत नाही. दोन्ही शब्द आले आहेत ते एकाच तऱ्हेच्या हमालांच्या आणि उतारूंच्या तोंडून.